हाक मारता, तर नोंदही ठेवा : राज्यातील राष्ट्रीय उद्यानांच्या कारभाऱ्यांना खुले पत्र

प्रति,
महाराष्ट्रातील राष्ट्रीय उद्यानांचा कारभार पाहणारे सर्व वरिष्ठ वनाधिकारी
आणि त्यासंबंधीचे धोरण ठरवणारे लोकप्रतिनिधी

विषय : राष्ट्रीय उद्यानांना साहाय्य करणाऱ्या स्वयंसेवक संस्थांना लेखी मान्यता देण्याबाबत

महोदय, महोदया,

सविनय नमस्कार.

यंदा एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात रात्री पावणेअकराला माझा फोन वाजला. उद्यानाच्या दक्षिणेकडच्या एका वनकक्षात, म्हणजे जंगलाच्या आखून दिलेल्या एका भागात, आग लागली आहे, वारा सुटला आहे, माणसे कमी पडत आहेत, तुमच्या गटातले जे येऊ शकतील त्यांना घेऊन ताबडतोब या, असा निरोप होता. आम्ही एकोणीस जण मिळेल त्या वाहनाने फाटकावर पोहोचलो. आत जोराच्या हवेने पाला उडवणारे दोन ब्लोअर चालू होते, बाकीच्यांच्या हातात पळसाच्या ओल्या डहाळ्या होत्या. पालापाचोळ्यावरून सरकत येणारी आग डहाळीने आपटायची नसते, दाबून धरायची असते. आपटली तर ठिणग्या उडून मागे नवी आग लागते. हे ज्यांना ठाऊक नव्हते त्यांना वनमजुरांनी तिथेच शिकवले. पहाटे साडेचारच्या सुमारास आग आटोक्यात आली. आमच्यातल्या एका तेवीस वर्षांच्या मुलीचा उजवा तळहात भाजला होता. तिच्या औषधोपचाराचा खर्च आम्ही आपापसांत वर्गणी काढून भागवला.

पुढे माहितीच्या अधिकारात मी त्या आगीच्या अहवालाची प्रत मागवली. ‘वनकर्मचारी व मजूर यांच्या साहाय्याने आग विझवण्यात आली’ एवढेच त्यात लिहिले आहे. आमची नावे नाहीत याचे मला वाईट वाटले नाही. नाव छापून यावे म्हणून त्या रात्री कोणीच गेले नव्हते. परंतु जी मुलगी कागदावर तिथे नव्हतीच, तिचा हात तिथे भाजला हेही कागदावर घडलेले नाही, आणि उद्या याहून गंभीर काही घडले तर तेही घडलेले नसेल, या विचाराने मी अस्वस्थ झाले. हे पत्र त्यातून लिहीत आहे.

हे उद्यान कोणते आणि ते कार्यालय कोणते, हे मी मुद्दाम लिहीत नाही. तिथले वनरक्षक आणि वनपाल रात्रीचा दिवस करतात हे मी डोळ्यांनी पाहिले आहे आणि माझी तक्रार कोणा एका अधिकाऱ्याविरुद्ध नाही. ज्या पद्धतीत नागरिकांची मदत घेता येते पण तिची नोंद ठेवता येत नाही, त्या पद्धतीविरुद्ध आहे. राज्यातल्या इतर उद्यानांभोवतीचे जे लोक माझ्या ओळखीचे आहेत, तेही थोड्याफार फरकाने हेच सांगतात.

माझा यात काय संबंध, तेही सांगायला हवे. माझे वडील वनमजूर होते. जानेवारी उजाडला की ते जाळरेषेच्या कामावर जात. गवत कापून, पाला ओढून पट्टा मोकळा करायचा आणि दव असताना तो राखत राखत जाळायचा, म्हणजे पुढे वणवा आलाच तर तिथे येऊन थांबेल. पंधरा फेब्रुवारीला आगीचा हंगाम सुरू होतो, त्याच्या आत हे सगळे उरकावे लागे. त्यानंतर पंधरा जूनपर्यंत वडील रात्री घरी असतील याची खात्री नसे. त्यांच्या टायरच्या चपलांचे तळ वितळून वाकडे झालेले असत आणि आई त्या चपला उंबऱ्याबाहेर उलट्या ठेवी. मी शिकले, एका सहकारी बँकेत सव्वीस वर्षे हिशेबाचे काम केले आणि निवृत्त झाल्यावर गावी परतले. ज्या जंगलाच्या मस्टरवरच्या रोजीतून माझ्या शाळेची फी भरली गेली, त्या जंगलासाठी उरलेल्या वर्षांत काही करावे, एवढीच इच्छा होती. शिक्षक, शेतकरी, दोन पशुवैद्यक, बचत गटातल्या बाया, महाविद्यालयातली मुले असे आम्ही चौतीस जण त्यासाठी एकत्र आलो.

आमच्या हातून झालेली चूक मी लपवणार नाही. पहिल्याच उन्हाळ्यात आमच्यातल्या एका तरुणाने बछड्यांसह असलेल्या वाघिणीचे छायाचित्र नाल्याच्या नावासकट समाजमाध्यमावर टाकले. दुसऱ्या दिवशी त्या नाल्याच्या तोंडाशी गाड्यांची रांग लागली. तो अपराधच होता. आम्ही त्याला गटातून काढले, लेखी माफी मागितली, आणि त्यातूनच आमच्या लक्षात आले की नियमांवाचून जमलेले चांगले लोक म्हणजेसुद्धा शेवटी गर्दीच असते. म्हणून गेल्या वर्षी जून महिन्यात आम्ही रीतसर संस्था स्थापन करण्याचे ठरवले. १८६० च्या संस्था नोंदणी अधिनियमाखाली सात जण एकत्र येऊन संस्था नोंदवू शकतात आणि आपल्या राज्यात अशा धर्मादाय संस्थेला १९५० च्या सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियमाखाली धर्मादाय आयुक्तांकडेही नोंदणी करावी लागते, हिशेबांची तपासणी करून घ्यावी लागते. हे सगळे करायला आम्ही तयार होतो. मात्र उद्यानाच्या नावाने काम करायचे तर आधी उद्यानाची संमती असावी, म्हणून नियमावलीचा मसुदा जोडून आम्ही कार्यालयात अर्ज दिला. आत जाताना फोन फाटकावर जमा करायचा, प्राण्याचा ठावठिकाणा कोणालाही सांगायचा नाही, वनरक्षकाचा शब्द अखेरचा, नियम मोडणाऱ्याचे सदस्यत्व त्याच दिवशी रद्द, असे त्या मसुद्यात लिहिले होते.

त्या अर्जाला आज चौदा महिने झाले. आवक क्रमांक माझ्याकडे आहे, तीन स्मरणपत्रांच्या पोचपावत्याही आहेत. प्रत्यक्ष भेटीत प्रत्येक वेळी एकच उत्तर मिळाले की प्रकरण वरिष्ठांकडे मार्गदर्शनार्थ सादर केले आहे. सरकारी कामातला विलंब रोखण्यासाठी याच राज्याने २००५ चा अधिनियम केला, ज्याला लोक दफ्तर दिरंगाईचा कायदा म्हणतात. फाइल एका कर्मचाऱ्याकडे सात कामकाजाच्या दिवसांपेक्षा जास्त राहू नये आणि दुसऱ्या विभागाकडे पाठवण्याची गरज नसलेल्या प्रकरणावर पंचेचाळीस दिवसांत निर्णय व्हावा, असे तो सांगतो. आम्हाला होकारच मिळावा असा आमचा आग्रह नव्हता. कारणे देऊन नकार आला असता तरी आम्ही मसुदा दुरुस्त करून पुन्हा अर्ज केला असता. पण न दिलेल्या उत्तराविरुद्ध कुठे दाद मागायची?

दुसरी तक्रार तोंडी बंदीची आहे. त्या छायाचित्राच्या प्रकरणानंतर यापुढे कोणाही स्वयंसेवकाला आत सोडायचे नाही, असे फाटकावर सांगण्यात आले. लेखी आदेश नाही, मुदत नाही, कोणत्या अधिकाराने तेही नाही. चौतिसांपैकी एकाच्या चुकीची शिक्षा तेहतीस जण आजही भोगत आहेत. आणि त्याच फाटकातून एप्रिलच्या त्या रात्री आम्हाला घाईघाईने आत घेतले गेले. इथे मी एक उदाहरण आपल्यापुढे ठेवते. ३१ डिसेंबर २०२४ रोजी उमरेड-पवनी-कऱ्हांडला अभयारण्यात सफारीच्या गाड्यांनी वाघीण आणि तिच्या बछड्यांची वाट अडवली. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने त्याची स्वतःहून दखल घेतली. चालकांवर आणि मार्गदर्शकांवर कारवाई झाली, आणि ती व्हायलाच हवी होती. पण म्हणून पर्यटन बंद झाले नाही. तिकीट काढून आत जाणाऱ्याची चूक ही त्या माणसाची चूक ठरते. काम करायला आत जाणाऱ्याची चूक मात्र सगळ्या स्वयंसेवकांची ठरते, हे मला पटत नाही.

याचे मूळ काही अंशी कायद्याच्या रचनेतही आहे. वन्यजीव (संरक्षण) अधिनियम, १९७२ च्या कलम २८ मध्ये आत जाण्याचा परवाना कशाकशासाठी देता येतो ते दिले आहे, आणि कलम ३५ मुळे ते राष्ट्रीय उद्यानांनाही लागू होते. वन्यजीवांचा अभ्यास, छायाचित्रण, शास्त्रीय संशोधन, पर्यटन, आत राहणाऱ्याशी असलेले कायदेशीर कामकाज अशी ती यादी आहे. सेवा हा शब्द तिच्यात नाही. त्याच कायद्याच्या कलम २७ मध्ये मात्र आत राहणाऱ्या प्रत्येकावर आग विझवण्याचे आणि वनाधिकाऱ्याला मदत करण्याचे बंधन घातले आहे. म्हणजे पाड्यावरच्या माणसावर मदतीची सक्ती आहे, पर्यटकाला तिकीट आहे, आणि फाटकापासून चार किलोमीटरवरच्या गावात राहून स्वखुशीने मदत करू पाहणाऱ्याला या यादीत नावच नाही. मानद वन्यजीव रक्षकाची तरतूद कायद्यात आहे हे मला माहीत आहे, पण ते शासनाने नेमायचे मोजके पद आहे, तेहतीस माणसांची सोय त्यातून होत नाही.

आपण म्हणाल की व्याघ्र संवर्धन प्रतिष्ठाने आहेत, मग वेगळी संस्था कशाला? राज्यातल्या सहा राष्ट्रीय उद्यानांपैकी ताडोबा, पेंच, नवेगाव, मेळघाटातले गुगामल आणि सह्याद्रीतले चांदोली ही पाच उद्याने आज व्याघ्र प्रकल्पांच्या क्षेत्रात येतात आणि वन्यजीव अधिनियमातल्या २००६ च्या दुरुस्तीप्रमाणे त्या प्रकल्पांसाठी प्रतिष्ठाने आहेत. लोकसहभाग हा त्यांच्या उद्दिष्टांतला एक भाग आहे, त्यांचे काम मोलाचेही आहे. पण ती शासनाची साधने आहेत. बाहेरच्या नागरिकाने उद्यानापुढे अडचण मांडावी, हिशेब विचारावा, नको ते काम नाकारावे, अशी ती जागा नव्हे. शिवाय बोरिवलीचे संजय गांधी राष्ट्रीय उद्यान व्याघ्र प्रकल्पात येतच नाही. तरीही तिथेच २०११ मध्ये वन विभाग, संशोधक आणि नागरिक यांनी मिळून ‘मुंबईकर्स फॉर एसजीएनपी’ हा उपक्रम सुरू केला. बिबट्या दिसला की पिंजरा लावा म्हणणाऱ्या वसाहतींमध्ये जाऊन स्वयंसेवकांनी कचरा, भटकी कुत्री आणि बिबट्या यांचा संबंध समजावून सांगितला. त्याआधी २००४ च्या जून महिन्यात त्या परिसरात बिबट्यांच्या हल्ल्यांत लागोपाठ माणसे गेली होती, हे ध्यानात घेतले म्हणजे घरोघर जाऊन शांतपणे बोलण्याचे ते काम किती अवघड असेल याची कल्पना येते. ते काम गणवेशातल्या माणसाने केले असते तर लोकांनी आधी तक्रारींचा पाढा वाचला असता. शेजाऱ्याचे मात्र त्यांनी ऐकले. स्वयंसेवकांचा खरा उपयोग असा असतो.

तिसरी गोष्ट सुरक्षेची. अमेरिकेने १९७० मध्ये राष्ट्रीय उद्यानांतल्या स्वयंसेवकांसाठी स्वतंत्र कायदा केला. स्वयंसेवक हा सरकारी नोकर नव्हे, परंतु काम करताना त्याला इजा झाली तर भरपाईपुरता तो कर्मचारी समजला जाईल, असे त्यात स्पष्ट लिहिले आहे. आपल्याकडे नवा कायदा येईपर्यंत थांबायचीही गरज नाही. संस्थेशी लेखी करार आणि सदस्यांचा गट अपघात विमा एवढ्यानेही बराच भाग सुटेल, आणि विम्याचा हप्ता भरायला आम्ही तयार आहोत. कोणत्या कामावर स्वयंसेवक पाठवायचा नाही, हेही करारात असावे. ताडोबात नोव्हेंबर २०२१ मध्ये पाहणीसाठी पायी निघालेल्या एका वनरक्षक महिलेचा वाघिणीने बळी घेतला. प्रशिक्षित, रोज त्या वाटेने जाणाऱ्या माणसावर ही वेळ येते. तिथे हौशी माणसाला पायी पाठवण्याचा हट्ट आम्ही कधीही धरणार नाही.

चौथी गोष्ट मी वनमजुराची मुलगी म्हणून सांगते आहे, आणि ती ऐकून आमचे काही मित्रही नाराज होतील. फुकटचे हात मिळाले की रोजीचे हात कमी करण्याचा मोह कार्यालयांना होतो. जाळरेषा कापणे, पाणवठ्यातला गाळ काढणे, संरक्षण कुटीवर रात्रपाळी करणे ही मस्टरवरची कामे आहेत आणि त्यांवर उद्यानाभोवतीच्या गावांतली कुटुंबे उन्हाळा काढतात. आमच्या श्रमदानामुळे एका जरी माणसाचा एक दिवसाचा रोज बुडणार असेल तर ते श्रमदान आम्हाला नको. ज्या कामासाठी मजुरी मंजूर आहे ते काम स्वयंसेवकांना देऊ नये, अशी अट आम्हीच मसुद्यात घातली आहे.

मग आम्ही करणार काय, असे मला एका बैठकीत विचारले गेले. मोह वेचणारे झाडाखालचा पाला पेटवतात, कारण जमीन साफ झाली की फुले दिसतात, आणि तीच आग पुढे जंगलात शिरते. मार्चपासून अशा प्रत्येक गावात जाऊन झाडाखाली जुनी लुगडी किंवा जाळी अंथरून फुले गोळा करण्याची पद्धत पटवून देणे आमच्या बचत गटातल्या बायांना जमते. दोन गावांत त्यांनी ते करून दाखवले आहे. गावकरी आणि कार्यालय यांच्यात पीक नुकसानभरपाईच्या अर्जांवरून जो तंटा होतो, त्यात अर्ज वेळेत आणि नीट भरून देणे हे माझ्यासारख्या हिशेबनिसाचे काम आहे. शाळांच्या सहली, यात्रेच्या दिवशीची गर्दी, रस्त्याकडेचे प्लास्टिक, उद्यानालगतच्या विहिरींना कठडे बांधण्यासाठी वर्गणी, ही कामेही आहेत. पहिल्या हिवाळ्यात एका वनरक्षकाबरोबर उद्यानाच्या हद्दीवरून चालताना आमच्या एका शेतकरी सदस्याला चितळाच्या वाटेवर फासा दिसला होता. दुचाकीची क्लचची तार होती ती, गवताच्या रंगात मिसळलेली, जमिनीपासून हातभर उंचीवर. आम्ही सगळे तिच्यावरून पुढे गेलो होतो. त्याला दिसली, कारण त्याच वाटेने तो लहानपणी गुरे नेत असे. ती नजर कोणत्याही प्रशिक्षणाने येत नाही आणि कोणत्याही निविदेने मिळत नाही. म्हणून अशा संस्थेच्या कार्यकारी मंडळात निम्म्या जागा उद्यानालगतच्या गावांतल्या आणि पाड्यांवरच्या लोकांसाठी राखून ठेवाव्यात, असे आमचे ठाम मत आहे. शहरातून कॅमेरा घेऊन येणाऱ्यांची संस्था झाली तर गावे तिच्याकडे पाठ फिरवतील, आणि ते योग्यच ठरेल.

आता मागण्या. पहिली आणि तातडीची ही की, स्वयंसेवक संस्थांचे जे अर्ज राज्यातल्या उद्यानांकडे पडून आहेत, त्या सर्वांवर पंचेचाळीस दिवसांत कारणांसह लेखी निर्णय द्यावा, होकार असो वा नकार. सहाही राष्ट्रीय उद्यानांसाठी सामंजस्य कराराचा एकच नमुना तयार करून तो प्रसिद्ध करावा, म्हणजे अधिकाऱ्याची बदली झाली की संस्थेचे भवितव्य बदलणार नाही. काम कोणते, कोणाच्या देखरेखीखाली, विमा कोणाचा, मजुरीच्या कामांना हात न लावण्याची अट आणि नियमभंगाची शिक्षा, हे सारे त्या नमुन्यात असावे. शिक्षा त्या त्या व्यक्तीला व्हावी आणि ती लेखी असावी. प्रत्येक वनपरिक्षेत्रात स्वयंसेवकांची नोंदवही ठेवावी. कोण आत गेले, किती वाजता, कशासाठी, कधी बाहेर आले, एवढ्या चार रकान्यांची वही पुरे. आगीच्या किंवा बचावाच्या कामावर स्वयंसेवकांना बोलावले असेल तर अहवालात त्यांची संख्या आणि झालेली इजा नोंदवणे सक्तीचे करावे. दर तीन महिन्यांनी संस्था आणि उद्यान यांची बैठक व्हावी आणि संस्थेचे हिशेब उद्यानाच्या फाटकावर लावावेत. शेवटची अट आमची स्वतःवरच आहे. सदस्यांना सफारीत सवलत, मचाणावर राखीव जागा किंवा विश्रामगृहात प्राधान्य यांपैकी काहीही मिळू नये, कारण सवलत आली की सेवेसाठी येणारे मागे पडतात आणि सवलतीसाठी येणारे पुढे होतात.

१ ऑक्टोबरपासून वन्यजीव सप्ताह सुरू होईल. दरवर्षीप्रमाणे फेरीसाठी माणसे हवीत म्हणून आम्हाला फोन येईल आणि आम्ही येऊ. पुढच्या वर्षी पंधरा फेब्रुवारीला आगीचा हंगाम पुन्हा सुरू होईल, आणि एखाद्या रात्री फोन आला तर तेव्हाही आम्ही येऊ, ती मुलगीसुद्धा येईल. तिचा तळहात आता बरा झाला आहे, मूठ मात्र पूर्ण वळत नाही. त्या तारखेच्या आत निर्णय व्हावा अशी आमची विनंती आहे. अर्ज, तीन स्मरणपत्रे आणि नियमावलीचा मसुदा यांच्या प्रती आपल्या कार्यालयात आहेतच. त्या सापडत नसतील तर कळवावे, मी स्वतः आणून देईन.

आपली नम्र,
एका वनमजुराची मुलगी,
तेहतीस स्वयंसेवकांच्या वतीने